इस्माईलचाचांचा जबडा

दाताच्या डॉक्टरकडे कुणी हौसेने येत नाही. पनवेलमधल्या माझ्या दवाखान्यात रोज हौसेने येणारा एकच माणूस होता आणि तो पेशंट नव्हता. तो माझा घरमालक होता.

इस्माईलचाचा मुकादम. जहाजावर बरीच वर्षं नोकरी करून परत आलेले. नोकरी नक्की कसली, हे गोष्टीगणिक बदलायचं. वादळाची गोष्ट असली की ते सुकाणूजवळ असायचे, मेजवानीची असली की भटारखान्यात, आणि भर समुद्रात इंजिन बंद पडल्याची असली की खाली बॉयलरपाशी. त्यांची बायको हमीदाचाची एकदा मला शांतपणे म्हणाली, "हे जहाजावर कपड्यांचं बघायचे. इस्त्रीचं." चाचा शेजारीच होते. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. पण त्यांचा पांढरा सदरा बघितला की चाचीचं म्हणणं पटायचं. पनवेलच्या चिकचिकाटात बारा महिने त्या सदऱ्यावर सुरकुती म्हणून दिसायची नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. नवऱ्याला पाताळगंगेच्या बाजूला कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही पनवेलला आलो. मी टपाल नाक्याच्या आसपास दवाखान्यासाठी जागा शोधत होते. एकट्या बाईला जागा द्यायची म्हटल्यावर मालक लोक "मिस्टरांना घेऊन या" म्हणायचे. चाचांनी मिस्टरांची चौकशी केली नाही. त्यांनी विचारलं, "रक्त फार सांडतं का? आणि लोक ओरडतात का?"

मी म्हटलं, "रक्त थोडं. ओरडणं पुष्कळ."

"मग घ्या जागा," ते म्हणाले. "पोरं मस्कतला गेल्यापासून घर फार गप्प झालंय."

खाली भांड्यांचं दुकान, मधे माझा दवाखाना, वर चाचा आणि चाची. दवाखाना उघडला त्या दिवशी चाचा जिना उतरून आले, बाहेरच्या खोलीत स्वतःची लोखंडी घडीची खुर्ची उघडली आणि बसले. "भाडेकरू नवा आहे, नजर ठेवायला नको?" म्हणाले. भाडेकरू जुना झाला तरी नजर उठली नाही. खुर्चीला खिडकीखालची जागा कायमची मिळाली, आणि माझ्या पेशंटांना एक अध्यक्ष मिळाला.

दारातून सुजलेला गाल आत आला की चाचा हात करून म्हणायचे, "आधी बसा, मग घाबरा." माणूस बसला की ते त्याला घाबरवायचे. हॅम्बुर्गच्या बंदरात एका खलाशाची दाढ काढताना डॉक्टरच कसा चक्कर येऊन पडला, ही गोष्ट ते विशेष रंगवून सांगत. मी आतून दटावलं, की आवाज खाली आणून तीच गोष्ट पुढे चालू.

याहून कठीण गोष्ट म्हणजे त्यांचे स्वतःचे दात. सगळेच्या सगळे शाबूत, एकसारखे, शुभ्र. सकाळ-संध्याकाळ मिसवाकची काडी, बाकी काही नाही. पेशंट कौतुकाने विचारायचा, "चाचा, तुम्ही कुठल्या डॉक्टरकडे जाता?"

"कुठल्याच नाही. म्हणून तर आहेत!"

हे माझ्या दवाखान्यात बसून. मी एकदा हात जोडून म्हटलं, "चाचा, एवढं तरी सांगू नका लोकांना."

"म्हणजे खरं बोलू नको?"

"जहाजाबद्दल बोलता तसं बोला."

ते इतके हसले, की बाहेर बसलेल्या, माझे नेहमीचे पेशंट असलेल्या शाळामास्तरांनी सुजलेला गाल धरून आत डोकावून पाहिलं.

पण त्यांचा उपयोग नव्हता असं म्हणवत नाही. एकदा गव्हाणची एक म्हातारी मासळीची टोपली घेऊन आली. बाजार आटोपून येताना दाढ असह्य झाली होती. मी सुई भरताना तिने पाहिलं आणि ती टोपली उचलून थेट जिन्याकडे निघाली. "मना नाय काढाचा दात. मी चालले घरा."

चाचा उठलेसुद्धा नाहीत. "जा की. पण दात नेशील आणि ठणकाही नेशील. दोन दोन ओझी कशाला? एक इथे टाकून जा."

म्हातारी थांबली. कमरेवर हात ठेवून तिने विचारलं, "तुमी काढलाव का कवा दात?"

"कधीच नाही," चाचा अभिमानाने म्हणाले.

"मंग तुमाला काय ठावं? गप बसा!"

बाहेरच्या खोलीत हशा पिकला. चाचांची अशी जिरवल्याच्या आनंदात म्हातारी तरातरा आत आली आणि खुर्चीत बसली. मी दाढ काढेपर्यंत चाचा तिची बोंबलांची टोपली मांडीवर घेऊन बसले होते. त्या दिवशी तो पांढरा सदरा चाचीने जिन्यातच उतरवून घेतला.

चाचांना एक खोड होती, ती म्हणजे पाण्याची टाकी. इमारतीच्या मागे तळमजल्याला टाकी होती, तिच्या शेजारी संडास. गोष्ट ऐन रंगात आली असताना ते उठायचे. "टाकी बघून येतो." वादळात जहाज कलंडलेलं, लोक श्वास रोखून बसलेले, आणि चाचा टाकी बघायला. परत आले की दोर वर ओढून जहाज सरळ करायचे, आणि थोड्या वेळाने पुन्हा टाकी. पनवेलला पाण्याची रड होतीच, त्यामुळे आम्हाला कधी शंका आली नाही. उलट मी लोकांना सांगायचे, की मालक असावा तर असा, पाण्याची काळजी करणारा.

असंच चाललं होतं. माझी मुलगी त्यांच्या घरात चालायला शिकली. ईदचा शीरखुर्मा खाली यायचा, दिवाळीची चकली वर जायची, आणि चकली मऊ पडली असली तर चाचा तसं तोंडावर सांगायचे.

एका शुक्रवारी चाचीने चिंबोऱ्या केल्या होत्या आणि मला जेवायला बोलावलं होतं. चिंबोरीचा नांगा दाताने फोडणं हा चाचांचा खास खेळ. कड्‌कन आवाज करायचा आणि माझ्याकडे बघायचं: बघा, दाताच्या डॉक्टरीणबाई! त्या दिवशी त्यांनी नांगा फोडला, माझ्याकडे बघितलं, आणि मी त्यांच्या हनुवटीकडे बघत राहिले. दाढीत भाताची शितं अडकली होती. ओठाच्या कडेवरून रस्सा ओघळत होता आणि त्यांना पत्ताच नव्हता.

"दाढीत भात वाळत घातलाय काय?" चाची म्हणाली.

चाचांनी चटकन तोंड पुसलं, पण पुसलं ते दुसऱ्या बाजूला. जेवताना बोट खरकटं झालं तरी उठून धुणारा हा माणूस. मी विचारलं, "चाचा, खालचा ओठ जड वाटतो का?"

"जड कुठला? आहे की नाही तेच कळत नाही," ते म्हणाले. "बरेच दिवस झाले. न्हाव्याने परवा हनुवटीला वस्तरा लावला, रक्त आलं, मला कळलंच नाही. म्हातारपण आहे."

म्हातारपणाने एकाच बाजूचा ओठ बधिर होत नाही. कॉलेजात आमचे एक सर नेहमी सांगायचे, दात धड असेल आणि ओठ बधिर असेल तर दाताचा नाद सोडा, दुसरं काहीतरी शोधा. मी चाचांना म्हटलं, "उद्या सकाळी माझ्या खुर्चीत बसायचं."

दुसऱ्या दिवशी ही बातमी बाहेरच्या खोलीत कशी फुटली कोण जाणे. चाचा आत येताना मास्तर म्हणाले, "आधी बसा चाचा, मग घाबरा." चाचा हसले नाहीत. खुर्चीच्या हातावर त्यांनी असा हात ठेवला, जसा माणूस पहिल्यांदा नावेत चढताना कठड्यावर ठेवतो. समुद्रावर जन्म काढलेला माणूस!

मी डोळे मिटायला सांगून कापसाची वात हनुवटीवर फिरवली. उजवीकडे कळत होतं, डावीकडे काही नाही. टोकदार हत्याराने हलकेच टोचलं, तरी नाही. जबड्याच्या कोपऱ्याशी बोट फिरवलं तर हाड फुगलेलं, कठीण लागलं. दात मात्र एकेक बघण्यासारखा. मोठा एक्स-रे काढून आणायला सांगितला. त्यात दातांची मुळं सुरेख दिसत होती आणि त्याखालचं हाड नको तिथे पांढरं होतं, ढग उतरल्यासारखं.

"काय निघालं?" चाचांनी विचारलं.

"दाताचं काही नाही. मुंबईला दाखवावं लागेल. हाडाचा तुकडा काढून तपासतील."

चाचा खुर्चीतून थोडे पुढे सरकून खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, एक काढून टाका ना. सगळ्यात मागची दाढ. तुमचं समाधान होईल, सूज पण जाईल."

आपल्या दातांची पनवेलभर मिरवणूक काढणारा माणूस स्वतःहून दाढ देऊ करत होता. तेव्हा मला कळलं, की ते किती घाबरले आहेत. मी नाही म्हटलं.

मग मुंबई टळत गेली. आपट्याला भाच्याचं लग्न आहे. नेऱ्याला कुणाच्या तरी बागेतले आंबे उतरवायचेत, त्यांच्याशिवाय आंबे उतरणार कसे? गाल दिसण्याइतका वर आला तेव्हा चाचीने आंब्यांचा विषय संपवला. "सोमवारी सकाळी निघायचं. डॉक्टर बरोबर येतेय," तिने परस्पर जाहीर केलं. मी बरोबर जातेय हे मलाही तेव्हाच कळलं.

मोठ्या हॉस्पिटलात तुकडा काढला. रिपोर्ट आला त्या दिवशी आम्ही तिघं एका वयस्क सर्जनसमोर बसलो होतो. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा काढला आणि चाचांना विचारलं, "लघवीला त्रास होतो का? सारखं जावं लागतं?"

चाचांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग चाचीकडे, मग पंख्याकडे. "बिलकुल नाही. साहेब, दुखणं तोंडाला आहे. तुमचा पत्ता चुकतोय."

"अहो, खोटं कशाला बोलता?" चाची डोक्यावरची ओढणी सारखी करत म्हणाली. "डॉक्टर, हे दिवसभर टाकी बघायला जातात. आमची टाकी भरून वाहत असते तरी जातात. रात्री तर टाकीचाच पहारा. मी म्हटलं दाखवा, तर म्हणतात लाज नाही वाटत बोलायला?"

मी मान खाली घातली. लोकांना कौतुकाने सांगितलेली ती टाकी!

सर्जन हसले नाहीत. समजुतीच्या सुरात म्हणाले, "चाचा, पत्ता दुखणंच चुकलंय. पुरुषाला लघवीच्या पिशवीखाली एक ग्रंथी असते. प्रोस्टेट म्हणतात. कॅन्सर तिथला आहे. तिथून रक्तातून निघाला आणि जबड्याच्या हाडात येऊन बसला."



"तिथून इथे?" चाचांनी आपल्या कमरेकडे आणि मग गालाकडे बोट केलं. "मधे पोट आहे, छाती आहे, गळा आहे. कुठे थांबला नाही?"

"बहुतेक वेळा पाठीच्या कण्यात नाहीतर खुब्यात थांबतो. चेहऱ्यापर्यंत क्वचित येतो. मी स्वतः फार बघितलेले नाहीत."

"म्हणजे लांबच्या सफरीवाला निघाला," चाचा म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा होता. पण त्यांनी मांडीवरचा सदरा मुठीत घट्ट धरला होता, आणि मूठ सोडली तेव्हा तिथे एवढी मोठी चुरगळ पडली होती. ती त्यांनी हाताने सरळ करायचा प्रयत्न केला. झाली नाही.

पुढच्या तपासणीसाठी त्यांना पडद्याआड नेलं. ती तपासणी कशी करतात हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. बाहेर आले ते ताठ मानेने, कुणाकडेही न बघता. त्या तपासणीचं वर्णन त्यांनी पुढे कधीही केलं नाही. कुठल्याच बंदराच्या गोष्टीत ती आली नाही.

शिकणारी मुलं मात्र त्यांना बघायला रांगेने आली. कुणी जबडा चाचपला, कुणी प्रश्न विचारले. याचा चाचांवर विलक्षण परिणाम झाला. पनवेलला परतल्यावर त्यांनी खुर्ची उघडली आणि जाहीर केलं, "मुंबईच्या मोठ्या डॉक्टरने असा पेशंट क्वचित पाहिलाय. विद्यार्थ्यांना शिकवायला मला उभं केलं." माणसाला पदक मिळावं तसं ते सांगत. फक्त कॅन्सर कुठून आला हे विचारलं की गाडी अडायची.

"आतल्या एका ग्रंथीतून."

"आतली म्हणजे कुठली?" मास्तरांना सगळं नीट लागायचं.

"खाजगी आहे," चाचा म्हणायचे. बाजारात त्याचं होता होता 'मेंदूची ग्रंथी' झालं, आणि चाचांनी ते खोडून काढलं नाही.

उपाय ऐकल्यावर मात्र ते मिरवणं थांबलं. त्या काळी यावर जो उपाय होता, तो सर्जननी स्पष्ट सांगितला होता. हा कॅन्सर पुरुषाच्या रसावर पोसतो. तो रस जिथे तयार होतो, त्या गोळ्या, म्हणजे वृषणं, ऑपरेशनने काढून टाकायच्या. म्हणजे गाठ उपाशी मरते.

त्यानंतर चाचा बरेच दिवस खाली आलेच नाहीत. बाहेरची खोली इतकी शांत झाली, की पेशंट लोक कुजबुजत बोलू लागले. मग एका दुपारी दवाखाना रिकामा असताना ते आले. बसले नाहीत. माझ्याकडे पाठ करून कपाटातल्या कवळ्यांचे साचे बघत उभे राहिले.

"बाई, दात काढला तर तुम्ही नवा बसवता."

"हो."

"आणि ते?"

"ते नाही, चाचा."

"हं." त्यांनी एक साचा उचलून परत ठेवला. "तसा आता त्याचा काय उपयोग म्हणा. पोरं झाली, नातवंडं झाली. बॉयलरचा कोळसा बंद करायचा, एवढंच. मला समजतं." त्यांनी तोच साचा पुन्हा उचलला. "पण मी मेल्यावर मला गुस्ल देतील. मय्यतीला आंघोळ घालतात ना, ती. मोहल्ल्यातली माणसं असतील. ती बघतील. इस्माईल मुकादम असा गेला म्हणतील. मेलेल्या माणसाला उत्तर पण देता येत नाही, बाई."

मरणाबद्दल त्यांनी काही विचारलं असतं तर डॉक्टरी भाषेत काहीतरी बोलले असते. हा प्रश्न माझ्या पुस्तकांत नव्हता.

दारात कपबशी वाजली. चाची चहा घेऊन कधी उतरली होती कळलं नाही. तिने ट्रे टेबलावर ठेवला, ओढणीने हात पुसले आणि रागावल्यासारखी म्हणाली, "मोहल्ल्याला कोण बोलावतंय? बायकोला हक्क आहे. मी मौलवीसाहेबांच्या घरी विचारून आलेय. जन्मभर तुमचे कपडे धुतले, शेवटी तुम्हाला धुईन. मी आणि आपला पोरगा. बाहेरच्या कुणाला हात लावू देणार नाही."

चाचा वळले. डोळे भरले होते, पण हार मानायची सवय नव्हती. "आणि तू आधी गेलीस तर?"

"मग तुम्ही जिवंत राहा आणि टाकी बघत बसा," चाची म्हणाली. "चहा निवतोय."

त्यांनी चहा घेतला. बशीत ओतून, डाव्या बाजूने थोडा सांडत. मग घडीची खुर्ची उघडून बसले आणि म्हणाले, "ठीक आहे. कळवा मुंबईला."

ऑपरेशन झालं. मस्कतहून थोरला मुलगा आला होता, त्याला बापाने सांगितलं होतं की हर्नियाचं आहे. मुलाला खरं काय ते आईने सांगितलं, आणि बापाला कळू दिलं नाही की मुलाला कळलंय. त्या घरात असे व्यवहार फार चोख चालायचे.

आणि गाल उतरला. मी पुस्तकात वाचलं होतं, पण डोळ्यांनी बघताना विश्वास बसेना. आठवड्या-आठवड्याला जबड्याचा कोपरा हाताला लहान लागायचा. ओठाला मुंग्या येऊ लागल्या, मग थोडी जाण आली. चाचांनी न्हाव्याला मुद्दाम सांगितलं, "आता कापलंस तर मला कळेल." टाकीच्या फेऱ्याही कमी झाल्या. गोष्टीतली जहाजं वेळेवर बंदराला लागू लागली.

एकच नवा त्रास सुरू झाला. ऐन थंडीत, बाहेरच्या खोलीत मास्तर मफलर गुंडाळून बसलेले असताना, चाचा अचानक लालबुंद व्हायचे, सदऱ्याची बटणं काढायचे आणि वर्तमानपत्राने वारा घ्यायचे. "आग पेटल्यासारखं होतं. अंगातून वाफ निघते. हे काय आहे, बाई?" मी सांगितलं, की या ऑपरेशननंतर असं होतं. बायकांना पाळी जाताना होतं, तसंच.

हे चाचीने ऐकलं मात्र, तिने पायरीवर बसकण मारली आणि पोट धरून हसली. "या अल्ला! मला व्हायचं तेव्हा काय म्हणायचे? पंखा बंद कर, थंडी वाजते. नखरे आहेत म्हणायचे. आता घ्या!" पण दुसऱ्या दिवशी चाचांच्या खुर्चीशेजारी विणलेला एक हातपंखा होता. तिचाच, जुना.

त्यानंतरची काही वर्षं चांगली गेली. चाचांमध्ये एक बदल झाला, आणि तो माझ्या धंद्याला पोषक होता असं नाही. दाताला आलेल्या प्रत्येक म्हाताऱ्यावर ते लक्ष ठेवायचे. माणूस दोनदा उठून खाली गेला की चाचा खुर्ची त्याच्याजवळ सरकवायचे. "टाकी कशी आहे?"

"कुठली टाकी?"

"तुमची हो. सारखं जावं लागतं का? धार बारीक झालीय का?"

कवळीचं माप द्यायला आलेला माणूस गडबडून जायचा. मास्तरांनी तर संतापून, आपण शिक्षक आहोत, असले प्रश्न आपल्याला विचारू नयेत, असं सुनावलं. चाचा म्हणाले, "मास्तर, मी लाजलो. माझं दुखणं मग माझ्याआधी तोंडावर आलं. तुम्ही बघा बुवा." मास्तर दोन महिने माझ्याकडे फिरकले नाहीत. आले तेव्हा त्यांनी चाचांच्या हातात गुपचूप पेढे ठेवले. त्यांची गाठ साधी निघाली होती, पण वेळेवर कळली होती. चाचांनी पेढ्यांचं कारण कुणाला सांगितलं नाही. खाजगी गोष्टी खाजगी ठेवायला ते पक्के होते. फक्त मला, चाचीला आणि खालच्या भांडीवाल्याला सांगितलं.

मग दुखणं परतलं. या वेळी ते गालाच्या हाडात आणि डोळ्याच्या खोबणीत गेलं. डावा डोळा पुढे आला आणि किंचित बाहेरच्या बाजूला वळला. "दोन्हीकडे लक्ष ठेवता येतं आता," चाचा म्हणायचे. मुंबईला रेडिएशनचा शेक घ्यायला जावं लागलं. त्याने दुखायचं कमी झालं, पण तोंड कोरडं पडलं, आणि दर दोन वाक्यांना पाण्याचा घोट घ्यावा लागायचा. त्यांनी काळा चष्मा घेतला, तोही भपकेबाज, सोनेरी काड्यांचा. लहान मुलांना घाबरायला होऊ नये म्हणून, असं ते म्हणायचे. पण तो लावून ते आरशात बघतात हे चाचीने मला सांगितलं होतं. जिना चढवेना तसा त्यांचा बिछाना दुकानामागच्या खोलीत आला आणि त्यांची खुर्ची दवाखान्यातून खाली दुकानाच्या पायरीपाशी गेली. माझी बाहेरची खोली पुन्हा नुसती खोली झाली.

ते गेले ते एका सकाळी, झोपेतच. तब्येत ढासळल्याचं कळून थोरला मुलगा मस्कतहून आधीच आला होता. घरासमोर माणसं जमली. मोहल्ल्यातले जाणते लोक गुस्लसाठी पुढे झाले, तेव्हा चाचीने मुलाला आत घेतलं आणि कुणाशी वाद न घालता दार लावून घेतलं. आम्ही बायका दुसऱ्या खोलीत बसलो होतो. आतून पाण्याचा आवाज येत होता, आणि मधूनच चाचीचा. हळू, दटावल्यासारखा. अंगावर पाणी घेताना कुरकुर करणाऱ्या माणसाशी बोलावं तसा. काय बोलत होती ते कळलं नाही, आणि मी कधी विचारलंही नाही.

पण माझ्या मनात चाचा आहेत ते त्याच्या थोडे आधीचे. दिवस उन्हाचे होते. मी एका माणसाची दाढ काढत होते आणि खाली रस्त्यावर एकदम गलका झाला. विटांनी भरलेला ट्रक आमच्या अरुंद बोळात मागे घेत होते. ड्रायव्हर तरबेज होता, क्लीनर मागे उभा होता, कुणाला कुणाची गरज नव्हती. तरी चाचा खुर्चीतून उठले. काळा चष्मा, एका बाजूला चढलेला गाल, पांढरा सदरा, आणि काडीसारखे झालेले दोन्ही हात हवेत. "आन दे! आन दे! दायें काट! आन दे!" ट्रक आपल्या हिशेबाने मागे आला आणि आपल्या हिशेबाने थांबला. तो थांबल्यावर चाचांनी तळहात दाखवून हुकूम सोडला, "बस्स!"

ड्रायव्हरने खिडकीतून हात कपाळाला लावला. चाचांनी हात झटकले, जणू तो ट्रक त्यांनीच ओढून आणला होता. मग कुणी पाहिलं का हे बघायला त्यांनी मान वर केली. मी खिडकीत होते. एका हातात चिमटा, चिमट्यात नुकतीच निघालेली दाढ. दुसरं काही सुचेना म्हणून मी तीच उंच धरून त्यांना दाखवली.

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळे किलकिले करून दाढ नीट बघितली, आणि छातीवर हात ठेवून मला कमरेत वाकून आदाब केला.